जेसीबीवरची बातमी

सालईटोल्यात मला यादोराव म्हणणारे आता थोडेच उरलेत. बाकी सगळ्यांसाठी मी 'खात्रीनाही काका'. हे नाव भूपेंद्रने ठेवलं, आणि ते चुकीचं आहे असं मलाही कधी ठामपणे म्हणता आलं नाही.

भंडाऱ्याच्या एका शाळेत मी ग्रंथपाल होतो. निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हा दिवस संपता संपेना. म्हणून विहाराच्या भिंतीवर एक फळा लावून घेतला आणि रोज सकाळी त्यावर बातम्या लिहू लागलो. लाखनीहून येणाऱ्या एसटीने दोन वर्तमानपत्रं यायची, घरी रेडिओ होता, ग्रामपंचायतीच्या दारावर सूचना लागायच्या. तेवढ्यावर माझं भागत असे. प्रत्येक बातमीखाली मी लिहायचो, की हे कोणी सांगितलं आणि त्याने ते स्वतः पाहिलं की ऐकलं. दोन वेगळ्या ठिकाणांहून तीच गोष्ट कळली नाही, तर शेवटी कंसात दोन शब्द टाकायचो : खात्री नाही.

पण माझा स्वभाव पडला भित्रा. दोन ठिकाणांहून कळलेली गोष्टही मला पुन्हा तपासावीशी वाटे. दोन्ही पेपरवाल्यांनी एकाच माणसाला विचारलं असलं तर? रेडिओवर मी नीट ऐकलं नसलं तर? त्यामुळे फळ्यावर तो कंस सगळीकडे दिसू लागला. 'धान खरेदी सोमवारपासून. (खात्री नाही.)' 'कारध्याला वैनगंगा उतरली. (खात्री नाही.)' एका वर्षी भीमजयंतीची मिरवणूक सायंकाळी निघणार असं लिहिलं आणि हाताच्या सवयीने त्याखालीही तेच लिहून बसलो. तेव्हा मंगला, म्हणजे माझी बायको, कमरेवर हात ठेवून फळ्यासमोर उभी राहिली.

"अवो, मिरवनुकीचे अध्यक्ष तुमीच हाव ना?"

"हो."

"मंग तुमालेच खात्री नाई?"

त्या दिवशी अख्खं गाव हसलं. नाव तेव्हापासून चिकटलं.

भूपेंद्र मनाने वाईट नाही. चौकात त्याचं मोबाईल रिचार्जचं दुकान आहे, आणि 'सालईटोला ताजी खबर' या व्हॉट्सअॅप ग्रुपचा तो अॅडमिन. गावातल्या प्रत्येक फोनवर त्याची खबर पोहोचते. फळ्यासमोरून जाताना तो मोटरसायकल हळू करायचा.

"काका, तुमची बातमी एसटीनं येते. माही हवेतून येते."

"हवेत कोनी सोडली ते पाहत जा बाबा," मी म्हणायचो. पण ते इतक्या हळू, की गाडी तोवर वळण घेऊन गेलेली असायची. खरं सांगायचं तर दहा वेळा त्याची खबर आधी यायची आणि बरोबरही निघायची. मग मी घरी येऊन विचार करायचो, की आपण उगाच खडू झिजवतो आहोत.

सप्टेंबर सरत आला होता. तीन दिवस झड लागून पाऊस उघडला होता आणि ऊन पडलं होतं. आमच्या भागातला भारी, म्हणजे उशिरा तयार होणारा, धान नुकता निसवत होता. लोंबी बाहेर पडत असताना धानाच्या पायाशी पाणी लागतं, आणि पाऊस तर आता जाणार. त्यामुळे सगळ्यांची मदार गावतलावावर. तलाव काठोकाठ भरून सांडव्यावरून पाणी पडत होतं. तलावाखाली आमचीही दीड एकर बांधी, म्हणजे धानाचं शेत, आहे. ती मंगला पाहते. मी बांधीत उतरलो की धान तुडवतो असं तिचं म्हणणं, आणि त्याची मात्र मला खात्री आहे.

आमच्या वरच्या अंगाला आंबेटोला. तिथला तलाव आमच्यापेक्षा मोठा, आणि दोन्ही तलाव एकाच नाल्यावर. वरचा फुटला तर सगळं पाणी आमच्या तलावात येणार, आमची पार, म्हणजे तलावाचा बांध, ते थोपवू शकणार नाही, आणि पारीखाली घरं आहेत. हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे.

दुपारी मी ओसरीवर पेपर वाचत होतो. बाहेर पळापळ ऐकू आली. मंगला बांधीतून चिखलाच्या पायांनीच आली.

"उठा! आंबेटोल्याचा तलाव फुटला म्हनते. भूपेंद्रच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. लोकं आपल्या तलावाची पार कापाले निघाले."

"कापाले? कायले?"

"पानी आधीच काढून टाकतो म्हनते. सांडव्याच्या बाजूनं. धान गेला तरी चालन, घरं वाचली पाहिजे म्हनते."

मी चपला घातल्या. वाटेत एकच विचार डोक्यात होता. वरचा तलाव खरोखर फुटला असेल, तर पार कापायलाच हवी. फुटला नसेल, तर आपण आपल्या हाताने वर्षाचं पीक आडवं करतो आहोत. कापलेल्या तलावाचं पाणी पुन्हा आणणार कुठून? म्हणजे सगळं एका बातमीवर अडलं होतं. आणि बातमी खरी की खोटी हे ठरवणं हेच तर आपण रोज खडू घेऊन करतो, असं मनात आलं.

पारीवर निम्मं गाव जमलं होतं. रस्त्याच्या कामावरचा जेसीबी बोलावला होता. त्याचा ड्रायव्हर इश्वर मशीन चालू ठेवून बसला होता आणि सरपंच कामिनीताईंच्या तोंडाकडे पाहत होता. त्यांच्या 'हो'शिवाय तो पारीला हात लावणार नव्हता. बाईंच्या कपाळावर घाम होता.

"तहसीलले फोन केला," त्या मला पाहून म्हणाल्या. "ते म्हनते, अशी खबर आमच्याकडे आली नाई. मानूस पाठवतो म्हनते. पन नाल्यावरचा पूल पान्यात हाये, मानूस येईन कधी?"

"खबर आली नाई म्हनजे फुटला नाई, असं होत नाई," मी म्हणालो.

"तेच त!" भूपेंद्र पुढे आला. "काकाबी म्हनते! ताई, हो म्हना. व्हिडिओ हाये ना समोर."

"मले दाखव," मी म्हणालो.

त्याने फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. एक बांध खचत होता, लाल पाणी उसळत होतं, आणि फोन धरणारा माणूस ओरडत होता : "आरं पळा, पळा! तळं फुटलं! लय पाणी आलंय! पोरास्नी वर न्या!" खाली लिहिलं होतं, 'आंबेटोला तलाव फुटला. सर्वांना पाठवा.'

"पुन्हा लाव," मी म्हणालो.

"काका, तुमची खात्री होईपर्यंत आमी पोहत राहू."

"लाव ना रे एकदा. आवाज मोठा कर."

त्याने लावला. मी डोळे मिटून ऐकलं. कित्येकदा पाहण्यापेक्षा ऐकण्यातून मला जास्त कळतं.

"हा मानूस कोन हाये?" मी विचारलं. "आंबेटोल्यातला मानूस 'लय' कायले म्हनन? तो 'लगित' म्हनन. 'तळं' नाई, 'तलाव' म्हनन. अन् आपल्याकडे कोनी 'पळा' म्हनून ओरडते का? 'परा रे परा' म्हनते."

"पानी येऊन राह्यलं, अन् तुमी व्याकरन काढून राहिले!" भूपेंद्र दोन्ही हात वर करून म्हणाला. लोक हसले, पण ते हसणं घाबरलेलं होतं. "टीव्हीवाला असन तो. टीव्हीवाले शुद्धच बोलते."

मला तिथे एक गोष्ट लख्ख दिसली. आपल्या बोलीत बातमी कधी येतच नाही. टीव्ही आपल्यासारखा बोलत नाही, पेपर बोलत नाही. म्हणून जे आपल्यासारखं नसेल ते आपल्याला बातमीसारखं वाटतं. तो परका माणूस 'लय' म्हणाला, आणि आमच्या लोकांनी त्याला आंबेटोल्याचा न मानता थेट वार्ताहर मानलं. हे सगळं मला बोलून दाखवता आलं नाही.

मंगलाला मात्र अशी अडचण कधी येत नाही. "काय बे भूपेंद्र," ती म्हणाली, "टीव्हीवाला 'पोरास्नी' म्हनते का? कोनता टीव्ही पाहतेस तू?"

काही जण थांबले. कामिनीताई माझ्याकडे वळल्या. "म्हनजे काकाजी, तलाव फुटला नाई?"

"तसं नाई म्हनत मी. हा व्हिडिओ इथला नाई वाटत. पन तलाव फुटला का नाई, ते मले मालूम नाई."

"आलं! खात्री नाही आलं!" मागून कोणीतरी ओरडलं.

ते बरोबरच होतं. एका माणसाच्या बोलीवर मी गावाची घरं पणाला कशी लावणार? आंबेटोल्यात कामाला आलेला एखादा परगावचा मजूरही असू शकतो. व्हिडिओ खोटा ठरला म्हणून तलाव शाबूत ठरत नाही. तिथे उभा असलेला, डोळ्यांनी पाहणारा माणूस हवा होता.

"आंबेटोल्यात फोन लावले?" मी विचारलं.

"सगळ्याईनं लावले. तिथं दोन दिवसांपासून लाईन नाई. सगळ्याईचे फोन चार्जिंगबिना बंद पडले."

"कवडूचा नाई पडनार," मी म्हणालो.

कवडू माझा शाळेपासूनचा मित्र. आंबेटोल्याचा तलाव मासेमारीसाठी ज्या संस्थेकडे आहे, तिचा तो सभासद. त्याच्याकडे बटणांचा जुना फोन आहे. एकदा चार्ज केला की तो फोन मरत नाही, म्हणून कवडू सगळ्या गावाची चेष्टा करत फिरतो. आणि त्या तलावात त्याचं मासोळीचं बीज सोडलेलं आहे. तलावाला काही झालं तर पहिली हाय त्याच्या तोंडून निघणार. त्याहून बरा माणूस मला सुचला नाही.

कामिनीताईंनी हात वर केला. "इश्वरभाऊ, मशीन बंद करा. काकाजीले फोन लावू द्या."

मशीन थांबलं. सांडव्याचा आवाज तेवढा उरला. मी मंगलाच्या फोनवरून नंबर लावला आणि तिने स्पीकर चालू केला. घंटी वाजत राहिली आणि कट झाली. पुन्हा लावला. पुन्हा कट. लोकांमध्ये कुजबुज वाढली. "वाहून गेला असन बिचारा," कोणी म्हणालं. पुन्हा लावला, आणि पलीकडून अगदी बारीक, दबका आवाज आला.

"यादोबा, हरू बोल. मासोरी लागून राह्यली."

"कवडू, कुठी हायेस तू?"

"तलावावर."

"कोनत्या तलावावर?"

"अबे, माहे तलाव हायेत तरी किती?"

"तुमचा तलाव फुटला म्हनते रे इकडे."

तो दबका आवाज विसरून ओरडला, "फुटला? तलाव फुटला?"

आणि इथे घोटाळा झाला. स्पीकरचा आवाज पुढच्या दोन-तीन रांगांपर्यंतच पोहोचत होता. कवडूचं मोठ्याने निघालेलं 'तलाव फुटला' तेवढं मागे गेलं, त्यातलं विचारणं वाटेत गळालं. "फुटला! कवडूनंच सांगतलं, फुटला!" असं मागच्या मागे पसरत गेलं. बाया पोरांना उचलून पळू लागल्या. माणसं जेसीबीकडे धावली. "चालू कर! इश्वर, चालू कर!" मशीन पुन्हा धडधडू लागलं.

फोनवर कवडू बोलतच होता, पण तो फक्त मी, मंगला आणि कामिनीताई ऐकत होतो. "फुटला त मी कायच्यात मासोरीचा गर टाकून बसलो हावो? बेबीबाईच्या बालटीत?"

मागून एका बाईचा आवाज आला. "कोन माह्या बालटीचं नाव घेऊन राह्यला?"

"बेबीबाईले दे फोन!" मी म्हणालो. "बेबीबाई, तिथून काय दिसते तुमाले?"

"दिसाचं काय हाये? पानी दिसते. हा कवडू दिसते. अन् सकारपासून याले एक मासोरी भेटली नाई, तेबी दिसते."

"अन् पार?"

"पारीवरच बसून धुनं धुऊन राह्यली ना मी! पायाखालीच हाये पार. तलाव फुटला असता त धुनं काय तुमच्या घरी धुतली असती?"

मंगलाने कपाळावरचा घाम पुसला आणि हसली. कामिनीताई वळून ओरडू लागल्या, पण मशीनच्या आवाजात त्यांचंच त्यांना ऐकू येत नव्हतं. मी तोंड उघडलं. माझा आवाज तर ग्रंथालयात घडलेला. तो पहिल्या बाकाच्या पलीकडे कधी गेला नाही.

हात खिशात गेला. खिशात खडू होता, तो रोजच असतो.

मी सरळ जेसीबीच्या पुढे जाऊन उभा राहिलो. त्याची पुढची बकेट जमिनीला टेकलेली होती. मला समोर पाहून इश्वरने दचकून हात काढले. "काकाजी, मरान ना!" असं तो ओरडलेला दिसला, ऐकू आला नाही. मी बकेटवरची सुकलेली माती बाहीने झटकली आणि लिहायला लागलो. अक्षर मोठं काढलं. फळ्यावर काढतो तसंच, ठळक आणि सुटं.

आंबेटोल्याचा तलाव शाबूत.
पाहणारे : कवडू आणि बेबीबाई, पारीवरून, आता.

आणि सवयीने कंस उघडला.

त्या कंसाशी माझा हात थांबला. दोन माणसं, दोघं जागेवर, दोघं ओळखीची. एक जण मासे धरणारा, एक धुणं धुणारी, दोघांनाही खोटं बोलून काही मिळायचं नाही. परक्या माणसाचा व्हिडिओ एका बाजूला आणि ही दोघं दुसऱ्या बाजूला. आणखी काय पाहिजे होतं मला? मी तो कंस अंगठ्याने पुसून टाकला आणि त्या जागी लिहिलं : खात्री आहे.

मागे वळून पाहिलं तर लोक थांबले होते. एवढी वर्षं रोज सकाळी ज्यांना मी फळ्यासमोर थबकून वाचताना पाहिलं होतं, ती माणसं आताही थबकून वाचत होती. इश्वरने मशीन बंद केलं आणि तोही खाली उतरून वाचायला आला.

पहिल्यांदा भूपेंद्रने मोठ्याने वाचलं. त्याचा आवाज चौकातून विहारापर्यंत पोहोचतो. "आंबेटोल्याचा तलाव शाबूत. पाहणारे कवडू आणि बेबीबाई, पारीवरून, आता. खात्री..." तो अडखळला. जवळ आला, वाकून पाहिलं, आणि गर्रकन लोकांकडे फिरला.

"आहे लिहिलं बे! काकानं 'आहे' लिहिलं!"

"काय म्हनतेस?"

"आपल्या डोऱ्यानं वाच! खात्री आहे!"

पारीवर जो आवाज उठला, तसा मी गावात मिरवणुकीतही ऐकला नव्हता. माणसं एकमेकांच्या पाठीत धपाटे मारत होती. पळालेल्या बाया परत फिरल्या, त्यांना दुरूनच ओरडून सांगितलं जात होतं, "काकानं 'आहे' लिहिलं, या वापस!" तलाव शाबूत आहे हे कोणी म्हणतच नव्हतं. माझं 'आहे' हीच बातमी झाली होती. कवडू अजून फोनवर होता. "कायचा गोंधर हाये रे तिथं?" तो विचारत होता. मंगलाने फोन तोंडाशी धरला. "कवडूभाऊ, तुमचं नाव जेसीबीवर लिहिलं हाये!"

"माहं? काहून? मी काय केलं?"

"काही नाई केलं. तलावावर बसून राह्यले, तेच लगित झालं."

सायंकाळी तहसीलचा माणूस वळसा घालून आंबेटोल्याला पोहोचला आणि त्याचाही फोन आला : तलाव ठीक. तोवर आमच्या पारीवर चहाची दुसरी किटली रिकामी झाली होती, आणि सांडव्यावरून पाणी आपल्या वाटेने पडत होतं. इश्वरला कोणी बकेट पुसू दिली नाही. भूपेंद्रने त्यावर पारदर्शक रंगाचा हात फिरवून घेतला, स्वतः डबा आणून. तो जेसीबी पुढे कितीतरी दिवस लाखनीच्या हायवेवर माझं अक्षर मिरवत फिरत होता. ट्रकवाले थांबून विचारायचे, हे कोणत्या तलावाचं? आणि इश्वर सगळी गोष्ट सांगायचा. दर वेळी त्यात बेबीबाई थोडी जास्त रागवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडू घेऊन विहाराकडे गेलो, तर फळ्यासमोर गर्दी. गावाच्या दोन्ही टोकांची माणसं होती. कधी इकडे न फिरकणारीही होती. मला घाम फुटला. मी पाठ करून लिहिलं, 'कालचा व्हिडिओ कुठल्या गावचा', आणि त्यापुढे कंसात, 'खात्री नाही'.

मागे टाळ्या पडल्या. हसू फुटलं, पण त्यात कालची चेष्टा नव्हती. भूपेंद्र गर्दीतून पुढे आला आणि फोन माझ्यापुढे केला.

"काका, हे एक आलं हाये. ग्रुपवर टाकू का?"

"कोनी पाठवलं?"

"भावजीनं."

"भावजीनं पाह्यलं?"

"विचारतो," तो म्हणाला आणि तिथेच फोन लावायला बाजूला गेला. हल्ली त्याच्या ग्रुपवरही खबरेखाली कोणी पाहिलं ते लिहिलेलं असतं, आणि अधूनमधून माझा कंसही.

ऑक्टोबरमध्ये तलावाचं पाणी पाटाने बांधीत आलं. धान भरला. कापणीच्या दिवशी मंगलाने लोंब्यांची एक जुडी विहारात आणली आणि फळ्याच्या वरच्या खिळ्याला बांधली. मग मागे सरकून, डोकं तिरपं करून, नीट बसली का ते पाहिलं.

"आता एप्रिलमंदी मिरवनूक हाये," ती म्हणाली. "अध्यक्ष तुमीच. फळ्यावर काय लिहान?"

"ते त अजून लांब हाये. पावसापान्याचं काय..."

तिने कमरेवर हात ठेवले.

"खात्री आहे," मी म्हणालो.